जड ट्रेलर, डिझेल पिकअप आणि घाटाचा उतार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिझेल पिकअप नवी घेतली आहे आणि माहितीपत्रकात ट्रेलर ओढण्याची क्षमता 5,500 किलो दिली आहे. दोन एक्सलच्या सपाट ट्रेलरवर अडीच टनांचं छोटं एक्स्कॅव्हेटर चढवून घाटापलीकडच्या कामावर न्यायचं आहे. ट्रेलर धरून ओढायचं वजन साडेतीन टन. इंजिनाला हे झेपेल का, आणि ताकद वाढवायला रेमॅप (इंजिनाच्या कंप्युटरची सेटिंग बदलणं) करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

झेपेल. आणि रेमॅप करू नका. डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांवरच भरपूर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, मिळतो, टर्बोमुळे उंचीवरही फारसा दम लागत नाही, त्यामुळे साडेतीन टन मागे आहेत हे सरळ रस्त्यावर जाणवतसुद्धा नाही. मला काळजी वाटते ती नेमकी याचीच. ओढताना काही जाणवत नाही म्हणून माणूस समजतो की सगळं ठीक आहे. हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या जोडणीवर, किती भार आला, पुढची चाकं किती हलकी झाली, उतारावर ब्रेकना किती उष्णता गिळावी लागणार, यातलं काहीच इंजिन सांगत नाही. रेमॅपनं टॉर्क वाढेल, सोबत एक्झॉस्टचं तापमान वाढेल. एक्सल, टायर, हिच आणि ब्रेक यांची मर्यादा मात्र एका किलोनंही वाढणार नाही. तेच पैसे ट्रेलरच्या ब्रेकवर आणि टायरवर घाला.

आता त्या 5,500 च्या आकड्याबद्दल. तो खोटा नसतो. अमेरिकेत 2008 साली एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे 2807 नावाचं प्रमाणक आलं, त्यात चढावर किमान वेग राखणं, चढावर जागेवरून निघणं, वळणावर ताबा, अशा चाचण्या ठरवलेल्या आहेत. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावर एसी पूर्ण चालू ठेवून गाडी चालवणं ही त्यातली प्रसिद्ध चाचणी. पण हा आकडा काढताना गाडीत जेमतेम दोन माणसं धरलेली असतात. तुमच्या गाडीत चार माणसं, मागे हौद्यात हत्यारांची पेटी आणि डिझेलचे कॅन असतील, तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. बहुतेक वेळा ओढण्याच्या क्षमतेच्या कितीतरी आधी गाडीवर भार घेण्याची क्षमता संपते.

हिशोब करून दाखवतो. समजा ड्रायव्हर आणि भरलेली टाकी धरून तुमची पिकअप 3,300 किलो भरते आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कमाल एकूण वजन 3,900 लिहिलं आहे. म्हणजे गाडीच्या अंगावर घ्यायला उरले 600 किलो. मागच्या हिचला जोडायच्या ट्रेलरचा 10 ते 15 टक्के भार हिचवर यायला हवा, असा सर्वसाधारण नियम आहे. 5,500 किलोच्या ट्रेलरचे 12 टक्के झाले 660. गाडीत दुसरं माणूस बसायच्या आधीच तुम्ही 60 किलो पलीकडे गेलात, तेही माहितीपत्रकातल्या क्षमतेच्या आत राहून. तुमच्या साडेतीन टनाला हाच भार 350 ते 525 किलो येतो, म्हणजे बसतं. पण ऐसपैस नाही. त्या स्टिकरवर पुढच्या आणि मागच्या एक्सलची मर्यादा वेगवेगळी लिहिलेली असते, हिचवर तिचा स्वतःचा स्टिकर असतो, टायरच्या बाजूवर त्याची क्षमता असते. यातला सर्वांत लहान आकडा तुमची खरी मर्यादा.

आणि हे सगळं अंदाजानं ठरवायचं नसतं. एकदा भुईकाट्यावर जा. ट्रेलरशिवाय गाडीचं वजन करा, पुढची आणि मागची चाकं वेगळी घ्या. मग यंत्र चढवलेला ट्रेलर जोडून पुन्हा तेच, आणि शेवटी ट्रेलरची चाकं. पावती साधारण अशी दिसेल असं धरू: एकट्या गाडीचं पुढे 1,900, मागे 1,400. ट्रेलर जोडल्यावर पुढे 1,740, मागे 1,960, आणि ट्रेलरच्या चाकांवर 3,100. गाडीच्या चार चाकांवर आता 3,700 आहेत, म्हणजे हिचवर आलेला भार 400. ट्रेलरचं पूर्ण वजन 3,500, त्याचे हे साडेअकरा टक्क्यांच्या जवळपास. भार उत्तम बसला आहे.

पण त्याच पावतीतली दुसरी गोष्ट बघा. हिचवर 400 किलो आले, मागच्या एक्सलवर मात्र 560 वाढले. बाकीचे 160 पुढच्या एक्सलवरून उचलले गेले, कारण हिच मागच्या चाकांच्याही बरीच मागे असते आणि तिथला भार तरफेसारखा काम करतो. ती पुढची चाकं तुमचं स्टेअरिंग आहेत आणि निम्म्याहून जास्त ब्रेकिंगही तीच करतात. ओल्या रस्त्यावर वळताना गाडी बाहेर सरकल्यासारखी वाटते, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात, ती याची लक्षणं.

यावर पुष्कळ लोक मागच्या पाट्यांना एअर बॅग, म्हणजे गाडी उचलून धरणाऱ्या हवेच्या पिशव्या, लावतात. मागची बाजू सपाट दिसायला लागते आणि काम झालं असं वाटतं. एअर बॅगनं मागची उंची परत येते, पुढच्या एक्सलवरचं वजन जवळजवळ होतं तेवढंच राहतं. आणि दिसायला सगळं ठीक असल्यामुळे कमतरता झाकली जाते. पुढचा भार परत हवा असेल तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लागते. तिच्या दोन लांब स्प्रिंगच्या दांड्या ताणून बसवल्या की मागच्या एक्सलवरचा काही भार पुढच्या एक्सलकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे जातो. किती परत आणायचा ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. गमावलेल्यापैकी साधारण अर्धा, असं अनेक उत्पादक सांगतात. पूर्ण परत आणण्याच्या नादात दांड्या फार ताणल्या तर मागची चाकं हलकी होतात, तेही वाईट. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (ट्रेलरच्या ढकलण्यानंच लागणारे, त्यांच्याबद्दल पुढे) असतील तर ती हिच त्यांच्याबरोबर चालते का, हे आधी बघून घ्या. हौद्यात मागच्या एक्सलच्या वर बसणारी गूजनेक किंवा फिफ्थ व्हील जोडणी असेल तर हा प्रश्नच जवळपास उरत नाही. तिथे ट्रेलरचा 15 ते 25 टक्के भार घेता येतो आणि पुढची चाकं जमिनीला धरून राहतात. ज्याला वर्षभर जड ओढायचं आहे त्यानं तीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

यंत्र ट्रेलरवर कुठे उभं करता, यावर सगळं अवलंबून आहे. हिचच्या बॉलपासून ट्रेलरच्या दोन एक्सलच्या मध्यापर्यंत 4 मीटर अंतर धरू. अडीच टनांचं यंत्र त्यावर फक्त 20 सेंटीमीटर मागे उभं केलं, तर हिचवरचा भार 125 किलोंनी कमी होतो. 400 चे 275 झाले, म्हणजे आठ टक्क्यांच्या खाली. आणखी 20 सेंटीमीटर मागे, की 150 उरले, चार टक्के. वीत-दीड वीत अंतराचा हा खेळ आहे. म्हणून एकदा वजन करून जागा पक्की झाली की ट्रेलरच्या फळीवर रंगानं रेघ मारून ठेवा. ट्रॅकचा पुढचा कोपरा रेघेवर आला, की थांबायचं. दरवेळी भुईकाट्यावर जायची गरज राहत नाही. यंत्र न बदलता फक्त बकेट बदललं तरी पुन्हा बघावं लागतं, कारण बूम (यंत्राचा लांब हात) पुढे असते आणि तिच्या टोकाचं वजन लांबवर काम करतं.

हिचवर भार कमी पडला की काय होतं? ट्रेलर झुलतो. वाऱ्याचा झोत येतो, शेजारून मोठा ट्रक जातो किंवा रस्त्यात खड्डा लागतो, ट्रेलरचं मागचं टोक एका बाजूला जातं, परत येताना दुसऱ्या बाजूला जास्त जातं, आणि तो गाडीचं मागचं टोक स्वतःबरोबर ओढायला लागतो. कमी वेगात हे झोके आपोआप विरतात. प्रत्येक गाडी-ट्रेलर जोडीचा एक वेग असतो, त्याच्या वर ते विरत नाहीत, प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. शेपटाकडे वजन, टायरमध्ये हवा कमी आणि उतार, या तिन्हींनी तो वेग खाली येतो. म्हणूनच सपाटीवर 80 ला गुमान चालणारा ट्रेलर उतारावर त्याच 80 ला झुलू लागतो.

झुलायला लागला तर एक्सिलरेटरवरून पाय सावकाश काढा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरा आणि इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ड्रायव्हरजवळच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून ओढला जाऊन सरळ होतो. गाडीचा ब्रेक दाबलात तर पुढचं थांबतं, मागचं ढकलतं, आणि दोन्ही मिळून मध्यातून दुमडतात. झोक्याच्या उलट स्टेअरिंग फिरवत बसू नका. तुमचा हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोचतो आणि तुम्हीच त्याला बळ देता. ‘वेग वाढवला की ट्रेलर ताणून सरळ होतो’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. क्षणभर ताण येतो हे खरं, पण ज्या वेगामुळे झोके वाढत होते तोच तुम्ही वाढवलेला असतो, आणि पुढे कधीतरी पाय काढावाच लागतो. एकदा झुलून सावरलं, की रस्त्याकडेला सुरक्षित जागी थांबून भार तपासा. जे एकदा झालं ते त्या भारासकट पुन्हा होणारच.

आता ब्रेक. साडेतीन टनांच्या ट्रेलरला स्वतःचे, दोन्ही एक्सलवर चालणारे ब्रेक नसतील तर तो जोडूच नका. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या दाबानंच त्याचे ब्रेक लागतात. साधं आणि टिकाऊ, पण झुलताना हातानं लावता येत नाहीत, आणि लांब उतारावर गाडी गियरमध्ये धरली तरी ट्रेलर ढकलतच असल्यामुळे ते सतत घासत राहू शकतात. इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये प्रत्येक ड्रमच्या आत एक चुंबक असतो. करंट मिळाला की तो फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटतो, त्याच्याबरोबर सरकतो आणि ब्रेकचे शूज उघडतो. मला घाटासाठी इलेक्ट्रिकच हवे असतात. कंट्रोलरही मंदावण्याच्या प्रमाणात करंट देणारा घ्या. ठरावीक वेळानं ठरावीक झटका देणारे स्वस्त असतात, पण गर्दीत प्रत्येक सिग्नलला मान हलवतात.

गेन, म्हणजे कंट्रोलर ट्रेलरच्या ब्रेकना किती जोर देतो ते, लावायची पद्धत: भार चढवलेला असताना, कोरड्या सपाट मोकळ्या रस्त्यावर आधी थोडे ब्रेक वापरून ते गरम करा. मग ताशी 40 च्या आसपास फक्त हाताची कळ पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं लॉक होत असतील तर गेन कमी करा, नुसतीच हलकी ओढ लागत असेल तर वाढवा. चाकं लॉक होण्याच्या किंचित आत थांबा. रिकाम्या ट्रेलरला हा गेन जास्त होतो, तेव्हा परतीच्या वाटेवर तो कमी करायला विसरू नका. दररोज निघताना, आवारातच चालायच्या वेगानं कळ दाबून बघा. मागून कुणीतरी धरल्यासारखी गाडी थांबली पाहिजे. नाही थांबली तर सात पिनांचा प्लग, त्याची गंजलेली अर्थ वायर आणि फ्यूज, या क्रमानं शोधा.

ब्रेकअवे स्विच बहुतेकांनी कधी ओढून पाहिलेलाच नसतो. ट्रेलर हिचमधून निसटला तर त्याची तार पिन खेचते आणि ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. ती बॅटरी मेलेली असेल तर सगळी व्यवस्था शोभेची. प्लग काढून ठेवा, पिन ओढा, गाडी हळूच पुढे घ्या. ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. पिन लगेच परत लावा, नाहीतर बॅटरी उतरते. आणि ती तार सुरक्षा साखळीला किंवा बॉलच्या दांड्याला बांधू नका, गाडीच्या सांगाड्याला बांधा. बॉलच दांड्यासकट निघून आला, तर त्याच्याबरोबर गेलेली तार पिन ओढणार कशी?

जोडणी करताना आधी बॉलचा आकार कपलरवर (बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी) लिहिलेल्या आकाराशी जुळवा. 2 इंची बॉलवर सव्वादोन इंचाहून मोठा कपलर बसलेला दिसतो, कडीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उचलून बाहेर येतो. खात्री करायची सोपी युक्ती आहे: कपलर लावून कडी आणि पिन घातली की ट्रेलरच्या पुढच्या जॅकनं टंग (ट्रेलरचा पुढचा दांडा) पुन्हा वर उचला. गाडीचं मागचं टोक त्याच्याबरोबर वर येऊ लागलं, पाटे सैल होताना दिसले, की कपलरनं बॉल खालून धरला आहे. टंग एकटीच वर आली तर नुसता वर टेकला होता. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि याच्यासारखी दुसरी खात्री नाही. साखळ्या टंगेखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर निसटला तरी टंग त्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. वळायला पुरेल एवढीच ढील ठेवा, जमिनीवर घासेल एवढी नको.

यंत्र बांधताना बूम आणि ब्लेड खाली टेकवा आणि चारही कोपऱ्यांतून वेगवेगळी साखळी घ्या, दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे. अमेरिकेतला नियम असा की सगळ्या बंधनांची मिळून कामाची भारमर्यादा वजनाच्या निम्मी तरी हवी. अडीच टनाला सव्वा टन ही अगदी तळाची पायरी आहे, मी त्याच्यावर बराच राहतो. ब्रेक दाबल्यावर सगळा जोर पुढच्या दिशेनं जातो, तेव्हा यंत्राला पुढे सरकू न देणाऱ्या साखळ्या जास्त भक्कम ठेवा. पंचवीस-तीस किलोमीटरवर थांबून ताण पुन्हा बघा. ट्रॅक हादऱ्यांनी बसतात आणि साखळ्या सैल होतात.

त्याच थांब्यावर टायर आणि हब (चाकाचा मधला भाग) बघा. ट्रेलरचे टायर क्वचितच झिजून जातात, ते वयानं आणि कमी हवेनं जातात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. खोल खाचा असलेला पण उन्हात उभ्या उभ्या म्हातारा झालेला टायर भार आला की आतून सुटतो. हवा थंड असताना भरा, ट्रेलरच्या टायरला बाजूवर लिहिलेल्या पूर्ण दाबापर्यंत. ट्रेलरसाठीच बनवलेल्या पुष्कळ एसटी टायरांना वेगाचं वेगळं चिन्ह नसेल तर ताशी 105 किलोमीटर हीच मर्यादा असते. मी जड भार घेऊन 80-90 च्या पुढे जातच नाही. 60 पेक्षा 80 ला थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त असते. हबला हात लावण्याआधी तळवा जवळ नेऊन अंदाज घ्या, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत एकच वेगळा आहे का ते बघा. एक हब बाकी तिघांपेक्षा बराच गरम असेल तर बेअरिंग चाललंय किंवा ब्रेक चिकटलाय. एकच थंड असेल तर त्याचा ब्रेक लागतच नाहीये, आणि याकडे मात्र सगळे कानाडोळा करतात. चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर पहिल्या शंभरेक किलोमीटरांत नट टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा.

चढाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे चुकलं तरी बहुधा गाडी तापते, माणूस मरत नाही. एवढंच: टॉर्क आहे म्हणून मोठ्या गियरमध्ये कमी फेऱ्यांवर रेटू नका. तसं केलं की डिझेल जास्त आणि हवा कमी पडते, एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बोच्या आधी लावलेल्या मीटरवर सतत 680-700 अंश सेल्सिअसच्या वर राहणं पिस्टनला आणि टर्बोला चांगलं नाही. एक गियर खाली घ्या, पाय थोडा हलका करा. फेऱ्या वाढतात, पंखा आणि पाण्याचा पंपही जोरात फिरतात. ऑटोमॅटिकमध्ये टो-हॉल मोड (जड ओढण्यासाठीची सेटिंग) लावा. हळू वेगात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गियरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉक न होता घसरत राहिला की गियरबॉक्सचं तेल तापतं, ते 110-120 अंशांकडे जाऊ लागलं तर थांबा. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या, नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल जळून बसतं. गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असेल तर वाळलेल्या गवतावर उभी करू नका. रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, चालू असेल तर एक्झॉस्टखालचं गवत पेटू शकतं.

उतार मात्र सविस्तर समजून घ्या. तुमची जोडी 6,800 किलोंची. 6 टक्के उतारावर ताशी 60 चा वेग नुसता कायम ठेवायला सुमारे 67 किलोवॉट कुठेतरी मुरवावे लागतात. त्यातले काही हवा आणि टायरांचं घर्षण खातं, बाकी सगळे तुमच्यावर. असा 10 किलोमीटर उतार म्हणजे 600 मीटर खाली येणं, म्हणजे जवळपास 40 मेगाज्यूल. एवढी उष्णता ब्रेकमध्ये ओतली तर डिस्क लाल होतात, लायनर पकड सोडतात, ट्रेलरचे ड्रम फुगून शूजपासून लांब जातात. ब्रेक फ्लुइड जुनं असेल तर आणखी वाईट: नव्या डॉट 3 दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो, ओलावा शोषला की ही किमान हमी 140 वर येते. फ्लुइड उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. घाटाच्या कामावर जाणाऱ्या गाडीत दर दोन वर्षांनी फ्लुइड बदला.

तेव्हा वेग इंजिनानं धरायचा, ब्रेकनं फक्त दुरुस्त करायचा. डिझेलच्या बाबतीत इथे एक अडचण आहे. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल बंद होतो आणि आतल्या पोकळीमुळे इंजिन गाडीला धरतं. डिझेलमध्ये हवा अशी अडवली जात नाही, म्हणून पाय काढूनही ते फारसं धरत नाही. एवढं दांडगं इंजिन असून उतारावर गाडी पळते कशी, हे कोडं यानं सुटतं. उत्तर म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. काही गाड्यांत टर्बोच्या पाकळ्या मिटून, काहींत वेगळी झडप लावून एक्झॉस्टची वाट अडवतात, पिस्टनला वायू बाहेर ढकलायला जोर लावावा लागतो आणि तोच जोर गाडीला मागे धरतो. तुमच्या गाडीत तो असेल तर बटण कुठे आहे ते घाटात शोधू नका, आज शोधा. तो जास्त फेऱ्यांवर चांगला चालतो, म्हणून खालचा गियर हवाच.

आणि गियर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, माथ्यावर, गाडी हळू असताना. ज्या गियरमध्ये तो घाट चढला असता त्याच्यात उतरा, किंवा त्याहून एक खाली. वेग वाढल्यावर मॅन्युअलमध्ये क्लच दाबून गियर शोधायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि साडेतीन टन मागून ढकलताहेत. मग ठरवलेला वेग, समजा 50, ओलांडू लागली की ब्रेक ठामपणे दाबून 40 ला आणायची आणि पाय पूर्ण काढायचा; पुन्हा 50 होईपर्यंत ब्रेक हवा खातात. हलका पाय ठेवून सतत घासत उतरणारे बघितले की मला धडकी भरते. दर काही सेकंदांनी ब्रेक लावावा लागत असेल तर गियर मोठा आहे. थांबता येतंय तोवर थांबून खालचा घ्या. जळका वास आला, पेडल लांब जाऊ लागलं, तर पुढच्या वळणाची वाट बघू नका. ओल्या किंवा निसरड्या वळणावर मात्र एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा, कारण तो फक्त इंजिनानं फिरणाऱ्या चाकांवर, म्हणजे बहुधा मागच्या दोनच चाकांवर लागतो. ती सरकली की ट्रेलर त्यांना बाजूला ढकलतो.

रिव्हर्सला हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरा; ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं तिकडे हात न्या. कोन वाढू लागला की पुढे घेऊन सरळ करा. बाहेर उभा असलेला माणूस आरशातून दिसेनासा झाला की थांबा, तो परत दिसेपर्यंत हलू नका. लायसन्सचा वर्ग, ट्रेलरची वजनमर्यादा, वेगमर्यादा हे कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत, ते तुमच्या भागातले वाचून घ्या. विम्याचा दावाही त्यावरच ठरतो.

शेवटी यंत्र उतरवण्याबद्दल, कारण कामावर पोचल्यावर सगळे घाई करतात. एक्स्कॅव्हेटर मागच्या रॅम्पकडे सरकलं की ट्रेलरचं मागचं टोक दबतं आणि टंग वर उठते. टंग गाडीचं मागचं टोक उचलते. तुमचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे, आणि ऑटोमॅटिकची पार्क पोझिशनही, फोर बाय फोर लावलेलं नसेल तर, मागचीच चाकं धरते. ती चाकं हलकी झाली की अख्खी जोडी उतारानं निघते, यंत्रावर माणूस बसलेला असताना. म्हणून जागा सपाट निवडा, फोर बाय फोर लावून ठेवा, ट्रेलरच्या चारही चाकांना आणि गाडीच्या पुढच्या चाकांना अडण लावा, आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली दोन्ही बाजूंना जॅकस्टँड किंवा लाकडी ठोकळे भक्कम बसवल्याशिवाय साखळ्या सोडू नका. चढवतानाही हेच. आणि यंत्र ट्रेलरवर असेपर्यंत ट्रेलर गाडीपासून सोडवायचा नाही, कितीही घाई असली तरी.